हजार तास, हजार मैल आणि तुकड्यातुकड्यांची झोप

(ह्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास आणि मध्येच भुंकलेला शेजारचा कुत्रा गाळलाय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात तुमच्या हातातल्या फोनपासूनच करूया. आयफोन असेल तर त्यातलं हेल्थ ॲप उघडा आणि जरा खाली शोधा. ‘वॉकिंग स्पीड’ नावाचा एक आलेख सापडेल. तुम्ही तो कधी मागितला नव्हता. फोन खिशात टाकून तुम्ही दूध आणायला गेलात, स्टेशनवर गेलात, की तो बिचारा गुपचूप मोजत बसतो. हातात घड्याळ घालून झोपत असाल तर झोपेचाही आलेख तिथंच मिळतो. किती तास, किती वेळा जाग आली, वगैरे.

दोन आलेख एकाच ॲपमध्ये, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. मला प्रश्न पडला की ह्या दोघांची एकमेकांशी काही ओळख आहे का? रात्री नीट झोप झाली नाही तर सकाळी आपण खरंच हळू चालतो, की तसं नुसतं वाटतं? आपला कार्यक्रम इतिहासाचा, त्यामुळे पुढचा प्रश्न ओघानं आलाच. हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी-शेजारी कुणी लिहून ठेवले?

मी मागे मागे जात राहिले आणि थेट १८०९ सालच्या इंग्लंडमध्ये पोचले. दवाखान्यात नाही, प्रयोगशाळेतही नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर.

गाव न्यूमार्केट. आजही तिथं घोड्यांच्या शर्यती होतात. त्या मैदानावर १ जूनच्या मध्यरात्री एक एकोणतीस वर्षांचा स्कॉटिश गृहस्थ चालायला लागला. नाव रॉबर्ट बार्कले अलार्डाइस, पण सगळे त्याला कॅप्टन बार्कले म्हणायचे. जमीनदार घराणं, अंगात ताकद, आणि चालण्याचं वेड. १८०१ साली त्यानं ९० मैल साडेएकवीस तासांत चालून एक मोठी पैज जिंकलेली होती. आता नवी पैज होती १,००० गिनींची. अट ऐकायला अगदी साधी होती. दर तासाला एक मैल चालायचं. जास्त नाही, कमी नाही. असे सलग १,००० तास.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठं? तासाला एक मैल म्हणजे दीड किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. माझी आजीसुद्धा चालेल. बरोबर आहे. दिवसाला २४ मैल, म्हणजे ३८-३९ किलोमीटर. बार्कलेसारख्या माणसाला ते जड नव्हतंच. एकूण अंतर साधारण १,६०९ किलोमीटर भरतं. मुंबईहून रस्त्यानं दिल्ली गाठली तरी १,४०० च्या आसपास होतात. पण हाताशी जवळपास सहा आठवडे होते. अंतर हा मुद्दाच नव्हता.

गोम ‘दर तासाला’ ह्या दोन शब्दांत होती. रात्री दोनलाही एक मैल, तीनलाही एक मैल, चारलाही. म्हणजे ४१ दिवस आणि १६ तास ह्या माणसाला सलग दोन तासही झोपता येणार नव्हतं. ही पैज पायांवर लावलेली दिसते, पण खरी लावली होती झोपेवर.

बार्कले हुशार होता. त्यानं अटीत एक फट शोधली. समजा बारा ते एक हा एक तास. त्यातला मैल त्यानं तासाच्या शेवटी चालायचा, म्हणजे पाऊण वाजता निघून एकला पोचायचं. आणि एक ते दोन ह्या तासाचा मैल लगेच एकच्या ठोक्याला सुरू करायचा. दोन मैल एकापाठोपाठ एक उरकले की पुढचं चालणं थेट पावणेतीनला. असा सलग दीड तास हाती लागायचा. ह्या दीड तासात खाणं, पाय चोळून घेणं, बूट काढणं-घालणं, आणि उरलेल्या वेळात झोप.

दीड तास हा आकडा लक्षात ठेवा. माणसाची झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांत चालते हे विज्ञानाला कळलं ते १९५० च्या दशकात, शिकागोला नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून. बार्कलेला ह्यातलं काही माहीत असणं शक्यच नव्हतं. पण त्याच्या वेळापत्रकाची गंमत बघा, किंवा क्रूरपणा म्हणा. एक आवर्तन पुरं व्हायच्या आधीच त्याला उठावं लागत होतं. रोज, सोळा-सतरा दिवस नव्हे, बेचाळीस दिवस.

मैदानाशेजारच्या मुक्कामावरून तो अर्धा मैल जायचा आणि अर्धा मैल परत यायचा. रात्रीसाठी वाटेवर खांबांना दिवे लावलेले होते. दिव्यांचं कारण अंधार एवढंच नव्हतं. ह्या पैजेवर इतरांनीही पैसे लावले होते, आणि ती रक्कम मूळ हजार गिनींच्या कितीतरी पट झाली होती. हा माणूस हरावा असं वाटणारे पुष्कळ होते. बार्कले कमरेला पिस्तुलं बाळगून चालायचा.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. पैज असल्यामुळे प्रत्येक मैलाची वेळ लिहून ठेवली जात होती. कधी निघाला, कधी पोचला, किती मिनिटं लागली. चार वर्षांनी, १८१३ साली, वॉल्टर थॉम ह्या लेखकानं ‘पेडेस्ट्रियनिझम’ नावाचं पुस्तक काढलं आणि त्यात ह्या चालण्याची दिवसवार नोंद छापली. कुणाच्याही मनात झोपेचा अभ्यास नव्हता. भांडण झालं तर पैशाचा निवाडा करता यावा म्हणून लिहिलेली ती वही. पण झोपेचे तुकडे केलेल्या माणसाची चाल दिवसेंदिवस कशी बदलते ह्याची इतकी बारीक नोंद त्याआधी कुणी ठेवलेली मला तरी सापडली नाही.

वहीत काय दिसतं? सुरुवातीच्या आठवड्यात एका मैलाला सरासरी पंधरा मिनिटं. म्हणजे ताशी ६.४ किलोमीटर, चांगली झपझप चाल. मग आकडा हळूहळू चढत जातो. शेवटच्या आठवड्यात सरासरी एकवीस मिनिटांच्या वर. ताशी साडेचार किलोमीटर. साधारण तीस टक्के वेग गेला.

इथं एक गणित करून बघा, मी केलं तेव्हा मला जरा गरगरलं. मैलाला पंधरा मिनिटं लागत होती तेव्हा दोन मैलांना तीस मिनिटं, आणि विश्रांती नव्वद. मैलाला एकवीस लागायला लागली तेव्हा दोन मैलांना बेचाळीस, आणि विश्रांती अठ्ठ्याहत्तर. म्हणजे चाल मंदावली म्हणून झोप आणखी कमी झाली, आणि झोप कमी झाली म्हणून चाल आणखी मंदावली. सावकाराच्या व्याजासारखं.

थांबा, पण सगळा दोष झोपेवर टाकून मोकळं व्हायचं नाही. त्याच वहीत इतर तक्रारीही आहेत. पायाच्या पोटऱ्या आणि घोटे दुखत होते, मधूनच दाढदुखी, पावसात भिजलेला कोट. सुरुवातीला त्याचं वजन ८४ किलो होतं, संपताना ७० च्या आसपास. दिवसभर कोंबडी, मटण, बीफ आणि बिअर चापत असूनही चौदा किलो उतरले. तेव्हा ते तीस टक्के नेमके कुणी खाल्ले, दुखऱ्या पोटरीनं की तुटक्या झोपेनं, हे ह्या वहीवरून सांगता येत नाही. एकाच माणसाची गोष्ट आहे, प्रयोग नाही. शेवटी शेवटी त्याला उठवणं हेच मोठं काम झालं होतं. त्याचा नोकर विल्यम क्रॉस त्याला काठीनं मारून जागं करायचा, अशी गोष्ट सांगतात. सांगतात, हं. पैजांभोवती अशा गोष्टी उगवतातच.

१२ जुलैला दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यानं हजारावा मैल पुरा केला. पैज जिंकली.

त्यानंतर इंग्लंडमध्ये ह्या प्रकाराची साथच आली. ज्याला त्याला हजार तास चालायचं होतं. त्यातलं एक नाव सांगते, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. एमा शार्प. १८६४ साली ब्रॅडफर्डजवळ एका हॉटेलच्या मैदानावर तिनं हेच केलं. हजार मैल, हजार तास, १७ सप्टेंबर ते २९ ऑक्टोबर. पुरुषाचे कपडे घालून. बाईनं हे पुरं करावं हे पुष्कळांना सोसत नव्हतं, त्यात पैजांचे पैसे. तिच्या खाण्यात गुंगीचं औषध घालायचे प्रयत्न झाले, वाटेत आडवे येणारे होते. शेवटच्या दिवसांत तीही पिस्तूल घेऊन चालली आणि तिनं ते हवेत झाडलंही. तिनं पुरं केलं.

मग लोकांना हजार तासांचं कौतुक उरलं नाही, आणि पैज अजून क्रूर झाली. झोपेचे तुकडे अजून बारीक. १८७७ साली कार्डिफचा विल्यम गेल हा बुकबाइंडर लंडनमध्ये दर दहा मिनिटांना पाव मैल असा ४,००० वेळा चालला. जवळपास अठ्ठावीस दिवस. दहा मिनिटांचा एक तुकडा, त्यातली तीन-चार मिनिटं चालण्यात. उरलेल्या सहा मिनिटांना झोप म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

ह्याच गेलकडे एक बाई शिकायला आली. एडा अँडरसन. लंडनची, रंगमंचावर काम केलेली, गाणारी. आणि आपल्या प्रश्नात खरा घोळ घातला तो हिनं.

१६ डिसेंबर १८७८. जागा न्यूयॉर्कजवळचं ब्रुकलिन (तेव्हा ते वेगळं शहर होतं), मोझार्ट गार्डन नावाचा हॉल. आत छोटासा गोल ट्रॅक. पैज अशी की दर पंधरा मिनिटांना पाव मैल, असे २,७०० वेळा. म्हणजे २८ दिवस आणि तीन तास. दर पंधरा मिनिटांनी घंटा झाली की बाईसाहेब बाहेर. चालून झालं की उरलेल्या दहा-अकरा मिनिटांत खाणं, कपडे, पाय शेकणं, आणि डोळा लागलाच तर लागला. मधल्या वेळात ती प्रेक्षकांना गाणीही म्हणून दाखवायची. तिकीट काढून आलेत ना लोक! हजारो आले. कुणी कौतुकानं, कुणी ती कोसळते कधी हे बघायला.

बार्कलेच्या वहीवरून तुमचा अंदाज काय? शेवटच्या दिवशी ती कशी चालली असेल? फरफटत?

१३ जानेवारी १८७९ ची रात्र. शेवटचा, म्हणजे २,७०० वा पाव मैल. तिला लागलेला वेळ २ मिनिटं पावणेअडतीस सेकंद. ताशी नऊ किलोमीटरच्या वर. अख्ख्या अठ्ठावीस दिवसांतला तिचा सगळ्यात वेगवान पाव मैल.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून चहा टाकायला उठले. कारण माझा भाग संपला होता. झोप नाही तर चाल मंद, असा छान सरळ भाग मी मनात लिहून ठेवला होता, आणि एका बाईनं दीडशे वर्षांपूर्वी येऊन त्यावर पाणी ओतलं.

मग चहा पिताना आईची आठवण झाली. हे भागात घ्यायचं की नाही ह्यावर मी दोन दिवस घालवले. घेते.

आमचे आजोबा शेवटची दीड वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री ते काम आईचं. आम्ही म्हणायचो, आलटून-पालटून करूया, पण आजोबा तिच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्ही फार आग्रहही केला नाही. माझी आई म्हणजे डोंबिवलीच्या स्टेशन रोडवर मला लहानपणी अक्षरशः ओढत नेणारी बाई. तिच्याबरोबर चालणं म्हणजे माझं पळणं. आणि त्या दीड वर्षात कधीतरी असं झालं की मी पुढे चालतेय आणि ती मागे राहिलीय. पुन्हा थांबायचं, पुन्हा ती मागे. मी म्हणायचे, आई, वय झालं तुझं. ती हसायची. बावन्न वर्षांची होती ती.

पण गंमत अशी की लोकल सुटायची वेळ झाली की हीच बाई पदर खोचून जिना चढून माझ्या आधी डब्यात! मला वाटायचं नाटक करते. एरवी चालायचा आळस आणि गाडी दिसली की पळते.

नाटक नव्हतं ते. तोच एडा अँडरसनचा शेवटचा पाव मैल होता.

हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. १८९६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात जॉर्ज पॅट्रिक आणि ॲलन गिल्बर्ट ह्या दोघांनी तीन तरुणांना नव्वद तास जागं ठेवलं. माणसांवर शास्त्रशुद्ध पद्धतीनं केलेला जागरणाचा पहिला प्रयोग हाच मानतात. दर सहा तासांनी चाचण्या. हाताची ताकद, प्रतिक्रियेचा वेग, नजर, पाठांतर. पाठांतराची वाट लागली, एकाला तर जमिनीवर नसलेल्या गोष्टी हलताना दिसायला लागल्या. पण नजरेची तीक्ष्णता चक्क वाढली! आणि एवढ्या जागरणानंतर त्यांना एक मोठी झोप मिळाली, की ते ताजेतवाने. बुडालेल्या झोपेचा थोडासाच भाग त्यांनी भरून काढला.

नंतर क्लाइटमननं शिकागोत असे प्रयोग पुष्कळ केले, स्वतःवरसुद्धा. त्याच्या लक्षात आलं की जागरण झालेला माणूस थोड्या वेळाच्या चाचणीत कंबर कसून चांगला निकाल देतो. त्याला आधी सांगा, ‘आता जोर लाव’, तो लावतो. पण त्याला शांत बसू द्या, काही सांगू नका, की कारभार आटोपला. १९६४ मध्ये सान डिएगोचा सतरा वर्षांचा रँडी गार्डनर २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. त्याच्यावर नजर ठेवायला आलेले झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट नंतर सांगत, की शेवटच्या रात्री ते त्याला गेम पार्लरमध्ये घेऊन गेले आणि त्यानं त्यांनाच हरवलं.

म्हणजे प्रश्नच चुकीचा विचारत होतो आपण. ‘झोप नसेल तर माणूस जोरात चालू शकतो का?’ ह्याचं उत्तर, हो, शकतो. हॉलभर लोक टाळ्या वाजवत असतील, लोकल सुटत असेल, तर शकतो. विचारायचं ते हे, की कुणी बघत नसताना, कुणी घाई करत नसताना, तो आपणहून कुठला वेग निवडतो? बार्कलेचा मधल्या रात्रींचा मैल हा त्याचं उत्तर आहे. पहाटे तीनला त्या ओल्या गवतावर त्याला वेळ मारायची नव्हती. तासाच्या आत पोचलं की झालं. तो त्याला सोसेल तसा चालत होता.

आणि गंमत म्हणजे, गेल्या तीस-एक वर्षांत डॉक्टर लोक मोजायला लागले ते नेमकं हेच. वयस्कर माणसाला सांगतात, ‘नेहमी चालता तसं चाला’, आणि चार किंवा सहा मीटरला किती सेकंद लागतात ते बघतात. बस. ना सुई, ना मशीन. २०११ साली स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ वेगवेगळ्या अभ्यासांतली ३४,४८५ माणसं एकत्र केली, सगळी ६५ च्या वरची. त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९२ मीटर होता. ज्यांची नेहमीची चाल जास्त वेगवान, ती माणसं पुढे जास्त वर्षं जगलेली दिसली, आणि हे नातं पायरीपायरीनं होतं. (बार्कलेचा शेवटच्या आठवड्यातला थकलेला वेगही १.२८ भरतो. बाबा दणकटच होता.)

मग झोपेचे आकडे शेजारी येऊन बसले. अमेरिकेत हाडांच्या ठिसूळपणावर वर्षानुवर्षं एक मोठा अभ्यास चालू होता, त्यातल्या ऐंशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या मनगटावर हालचाल मोजणारं घड्याळ बांधलं आणि त्यांची चालही मोजली. २००७ मध्ये निकाल छापून आला. कमी झोपणाऱ्या बायका हळू चालत होत्या, आणि रात्री पुन्हापुन्हा जाग येऊन ज्यांचा बराच वेळ डोळे उघडे ठेवून जायचा त्या तर आणखी. किती तास अंथरुणावर होता ह्यापेक्षा झोप किती वेळा तुटली हे जास्त बोलकं ठरलं. वयस्कर पुरुषांतही पुढच्या वर्षी साधारण तसंच चित्र दिसलं. बार्कलेची वही, पण हजारो माणसांची.

इथं परत तोच सावधपणा, जो पोटरीच्या बाबतीत ठेवला. गुडघा दुखत असेल तर झोपही मोडते आणि चालही मंदावते. मन उदास असेल तरी तेच. दिवसभर कमी चाललं की रात्री झोप येत नाही, म्हणजे बाण उलटाही फिरतो. अशा अभ्यासात दोन गोष्टी हातात हात घालून चालताना दिसतात, कुणी कुणाला ओढतंय ते दिसत नाही.

ते बघायचं तर मुद्दाम जागवावं लागतं. ते काम २०२१ मध्ये झालं, आणि तुमच्याच वयाच्या मुलांवर. एमआयटीचे हर्मानो क्रेब्स आणि साओ पाउलो विद्यापीठाचे आर्तुरो फोर्नेर-कोर्देरो. विद्यार्थ्यांना दोन आठवडे घड्याळ घालायला दिलं. बहुतेकांची झोप रोज सहा तासांच्या आसपास, म्हणजे आपल्यासारखीच. मग काहींना चाचणीच्या आदल्या रात्री अख्खं जागवलं. सकाळी सगळ्यांना ट्रेडमिलवर चढवलं आणि कानावर टिकटिक सोडली. टाच टेकायची ती टिकच्या ठोक्यावर. टिकटिकीचा वेग मध्येच किंचित बदलायचा, न सांगता. ज्यांनी रात्र जागून काढली होती त्यांचे ठोके सगळ्यात जास्त चुकले. इथं वेग नाही, ताल मोजला होता, हे खरं. पण चालणं हे डोकं न वापरता आपोआप होतं ही आपली समजूत त्यात हलते. पाय टाकताना मेंदू सतत लहान लहान दुरुस्त्या करत असतो, आणि जागरणानं त्या दुरुस्त्या ढिल्या पडतात. मग सावध शरीर काय करणार? आपणहून सावकाश चालणार. हा शेवटचा दुवा माझा अंदाज म्हणून घ्या.

त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली. न जागलेल्या मुलांपैकी जी मुलं शनिवार-रविवारी झोप भरून काढत होती त्यांची चाल, न भरणाऱ्यांपेक्षा बरी होती. रविवारी अकरापर्यंत लोळल्याबद्दल घरात बोलणी खाणाऱ्यांनी हे वाक्य कापून ठेवायला हरकत नाही.

आईचं सांगायचं राहिलं. आजोबा गेल्यानंतरच्या महिन्यात ती खूप झोपली. दिवसाही, रात्रीही. आम्हाला काळजी वाटावी इतकी. आणि मग एकदा बाजारातून येताना मी फोनवर बोलत होते, वर बघितलं तर ती पार पुढच्या कोपऱ्यावर, पिशव्या घेऊन उभी, माझ्यासाठी थांबलेली. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, आलेखही नव्हता, त्यामुळे हा काही पुरावा नाही. पण मी त्या दीड वर्षात तिला जे ‘वय झालं तुझं’ म्हणत होते ते मला आता ऐकवत नाही.

आणि कॅप्टन बार्कले? पैज संपल्यावर त्याला गरम पाण्यानं आंघोळ घातली आणि झोपवलं. इतका वेळ तुकड्यातुकड्यांत झोपलेल्या माणसाला एकदम लांब झोप सोसेल का, अशी भीती लोकांना होती, म्हणून मध्यरात्री उठवून त्याला पातळ पेज पाजली. मग तो परत झोपला तो थेट सकाळी नऊपर्यंत. उठला, कपडे घातले आणि न्यूमार्केटच्या रस्त्यावर फिरायला बाहेर पडला. पाच दिवसांनी तो सैन्याबरोबर हॉलंडच्या मोहिमेवर निघूनही गेला.

त्या सकाळच्या फेरफटक्याची वेळ मात्र कुणी लिहून ठेवली नाही. पैज संपली होती ना.

चला, आजचा भाग इथंच. तुमच्या घरात रात्री कुणासाठी कोण उठतं, हे कमेंटमध्ये लिहा, मी सगळं वाचते. भेटूया पुढच्या भागात.